रा. रा. ‘प्रिंट मार्कअप’ यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री ‘प्रिंट मार्कअप’, मुक्काम छपाईचा फलक, ‘प्रिंट ऑल पेजेस’ या पेटीखाली उघडणाऱ्या यादीचा तळ, यांसी कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपला आणि बहुसंख्य लिहित्या जगाचा प्रत्यक्ष परिचय नाही, आणि याचे सारे श्रेय आपल्या विनयास द्यावे लागेल. वर्डमध्ये छपाईचा फलक उघडला म्हणजे प्रती किती हव्यात, कोणत्या यंत्रावर हव्यात, कागद उभा की आडवा, अशा चौकश्या दर्शनी भागात मांडलेल्या असतात. आपण मात्र एका मिटलेल्या यादीच्या तळाशी, जेथे कामावाचून कोणी फिरकत नाही अशा ठिकाणी, बिऱ्हाड केले आहे, आणि दस्तऐवजात कोणी एखादा स्वल्पविराम जरी दुरुस्ती म्हणून नोंदवून ठेवला असला, तरी आपल्या नावामागे बरोबरची खूण उमटवून, कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता, आपण कामावर रुजू होता. आपण रुजू झाल्याची वर्दी आम्हांस मिळते ती कागद यंत्रातून बाहेर पडल्यावर. इतकी अनाहूत आणि इतकी निरलस चाकरी आजवर कोणत्याही दफ्तरात कोणी बजावल्याचे ऐकिवात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आणि ते उघडे लिहीत आहे, कारण बंद पाकिटाचे आपणांस वावडे असल्याचे सर्वश्रुत आहे.

प्रथम आपल्या हस्तकौशल्याविषयी. दुरुस्त्या असलेला कागद आपल्या ताब्यात आला की मूळ मजकूर आक्रसून आपण तो डावीकडे सरकवता, उजव्या अंगास एक करडा पट्टा मोकळा करता आणि त्यात टिपांचे व शेऱ्यांचे फुगे ओळीने टांगता; परिणामी, सभासदांच्या वयाचा विचार करून ज्या अहवालासाठी बारा पॉइंटाचे ठसठशीत अक्षर मुद्दाम ठरवलेले असते, तो अहवाल चष्म्यावर आणखी भिंग धरून वाचण्याची वेळ येते. वगळलेला मजकूर आडव्या रेघेसह ओळीतच राहू दिला, तर पाने वाढतात, अकराव्या पानावरचा ताळेबंद बाराव्यावर जातो, आणि “पान ११ पाहावे” अशी सूचना वाचून सभासद निमूटपणे आभारप्रदर्शन वाचत बसतात. देवनागरीच्या बाबतीत तर आपली कलाकुसर विशेषच खुलते. नव्या शब्दांखाली आपण जी रेघ ओढता ती उकार-ऊकारांच्या पोटातून आणि ऋकाराच्या गळ्यातून जाते. आणि कोणी साक्षेपी मुद्रितशोधकाने ऱ्हस्व वेलांटी खोडून दीर्घ केली असेल, तर जुनी आणि नवी अशा दोघींना एकाच अक्षराच्या आश्रयास राहणे अशक्य होऊन, त्यांतली एक कित्येकदा टिंबाटिंबांच्या वर्तुळावर एकटीच जाऊन बसते. फुग्यांतल्या वाङ्मयाविषयी काय लिहावे? “फॉर्मॅटेड: फॉन्ट: मंगल, १२ पॉइंट” हे वचन एकाच पानावर इतक्या वेळा येते की वाचणाऱ्यास ते संस्थेचे ब्रीदवाक्य वाटावे. शेऱ्यासोबत कर्त्याचे नाव द्यावे हा आपला परिपाठ स्तुत्य खरा. परंतु आमच्याकडे संगणक ज्याने बसवून दिला त्याने नावाच्या जागी जे लिहिले तेच पुढे चालत राहत असल्यामुळे, अध्यक्ष, चिटणीस आणि टंकलेखक हे तिघेही ‘यूजर’ किंवा ‘ॲडमिन’ या एकाच नावाने नांदतात. पडद्यावर निदान प्रत्येक नावास निराळा रंग असतो. काळ्या शाईच्या लेझर यंत्रातून सर्वांचा रंग करडा होऊन येतो. इतकी निखळ समता आमच्या कोणत्याही संस्थेस घटनादुरुस्ती करूनही साधलेली नाही.

आता ज्या प्रकरणामुळे हा पत्रव्यवहार करणे प्राप्त झाले ते निवेदन करतो. एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने (नाव सांगत नाही, कारण मंडळी अद्याप एकमेकांशी बोलू लागलेली नाहीत) आपल्या एका दिवंगत माजी उपाध्यक्षांच्या कुटुंबीयांस दुखवट्याचा ठराव पाठवण्याचे ठरवले. कच्चा खर्डा चिटणिसांनी केला. तो कोषाध्यक्ष, ग्रंथपाल आणि अध्यक्ष यांच्याकडून रीतसर फिरून आला. आणि परत आल्यावर चिटणिसांनी पडद्यावर ‘नो मार्कअप’ हे दृश्य निवडताच ठराव असा निर्मळ, निष्कलंक दिसू लागला की त्यांनी तो समाधानाने पेनड्राइव्हवर घालून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानी पाठवून दिला. ‘नो मार्कअप’ हा केवळ पडदा आहे, त्याआड सर्व दुरुस्त्या जिवंत असतात आणि फाइल पुन्हा उघडली की त्या पुन्हा समोर येतात, ही गोष्ट चिटणिसांस ठाऊक नव्हती. दुकानातल्या पोराला ती ठाऊक असली तरी उपयोग नव्हता. त्याच्यापुढे परीक्षेच्या नोट्स घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांची रांग होती, आणि त्याने फाइल उघडून, न वाचता, कंट्रोल आणि पी यांवर दोन बोटे एकदम टेकवली. पुढचे काम आपण केले. ठराव लेटरहेडवर उमटला, त्यावर शिक्का पडला, तो पाकिटात गेला आणि शिपायाहाती रवाना झाला.

कुटुंबीयांच्या हाती पडलेल्या प्रतीत पहिल्याच वाक्यात, उपाध्यक्षांच्या निधनाने संस्थेची कधीही न भरून येणारी हानी झाल्याचे म्हटले होते, आणि त्यातील ‘कधीही न’ या शब्दांवर स्पष्ट आडवी रेघ होती. कोषाध्यक्षांच्या मनात वाईट नव्हते. त्यांना ते विशेषण शिळे वाटल्यामुळे ते सगळेच काढून नुसते ‘मोठी हानी’ करायचे होते, पण मध्येच कोणाचा तरी फोन आला आणि काम अर्ध्यावर राहिले. ‘मनमिळाऊ स्वभाव’ या शब्दांशेजारी अध्यक्षांचा फुगा होता: “हे कोणाविषयी?” ‘मुक्तहस्ते देणगी’ यातील ‘मुक्तहस्ते’ ग्रंथपालांनी वगळले होते आणि समासात कारण दिले होते: “रु. ५०१. पावती आहे.” ‘व्यासंगी ग्रंथप्रेमी’ या शब्दांपुढे त्याच हातचा दुसरा शेरा होता: “सात पुस्तके अजून परत नाहीत. घरच्यांना आत्ता विचारावे की तेराव्यानंतर?” दुसऱ्या दिवशी सातही पुस्तके विलंबशुल्कासह वाचनालयात आली, आणि सोबत दिवंगतांच्या चिरंजीवांची चिठ्ठी होती की आठवे पुस्तक ग्रंथपालांनी स्वतःच वडिलांकडून वाचायला नेले आहे, ते नोंदवहीत लावून घ्यावे.

महाराज, खाडाखोड आमच्या मुलखास नवी नाही. पोथी उतरवून घेणारा लेखक चुकला तर त्या अक्षरावर पिवळा हरताळ फासून वर शुद्ध अक्षर लिहीत असे. पोथी हाती घेणाऱ्यास येथे काही चुकले होते एवढे दिसे, काय चुकले होते ते विचारण्याचे त्यास कारण नसे. मराठेशाहीच्या पत्रांत मजकूर संपला की शेवटी मोर्तबाचा शिक्का पडे, छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांवर तो ‘मर्यादेयं विराजते’ असा आहे, आणि त्याचा अर्थ इतकाच की लिहिणे येथे संपले, यापुढे कोणी अक्षर घुसडू नये. इंग्रजी अमलात १९०८ चा नोंदणी कायदा आला, त्याचे विसावे कलम आजही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत चालते: दस्तात ओळींमध्ये घुसवलेले लेखन, कोरी जागा, खोडलेला मजकूर किंवा फेरफार असेल, तर करून देणाऱ्याने त्या त्या ठिकाणी सही किंवा आद्याक्षरे केल्याखेरीज दस्त नोंदवून घेण्यास अधिकाऱ्यास नकार देता येतो. म्हणजे खोडण्यास कोणाची हरकत नव्हती. मात्र खोडणाऱ्याने एक तर पुरते झाकावे, नाही तर शेजारी सही ठोकून जबाबदारी घ्यावी. आपली रीत तिसरीच. आपण पुरते उघडे करता आणि शेजारी ‘यूजर’ लिहिता.

याहून थोर उदाहरण द्यायचे तर संविधान सभेचे देतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितल्याप्रमाणे, मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि त्यांतल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्या दुरुस्त्या, त्यांवरचे वाद, प्रतिवाद, टोमणे आणि माघारी हे सगळे वादविवादांच्या खंडांत छापलेले आहे, ज्यास हवे त्याने ते वाचावे, आणि वाचण्यासारखे आहे. परंतु प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी संविधानाची इंग्रजी प्रत आपल्या हातांनी सुंदर अक्षरांत लिहून काढली, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताशी आपण बसलेले नव्हता, हे या राष्ट्राचे भाग्य होय. अन्यथा प्रत्येक अनुच्छेदाच्या समासात चार-चार फुगे आणि त्यांवर “ॲडमिन” असे वाचण्याचा योग आम्हांस आला असता.

तथापि न्याय करायचा तर आपल्या बाजूनेही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आपले जे भाऊबंद कागदाऐवजी फाइलीतच राहून हेच काम करतात, त्यांनी जगावर काही उपकार केलेले आहेत. २००४ साली अमेरिकेत एससीओ या सॉफ्टवेअर कंपनीने डेमलरक्रायस्लरवर दावा लावला. त्याच्या वर्डमधील प्रतीत, प्रतिवादी म्हणून आधी बँक ऑफ अमेरिकेचे नाव घातले होते असे आढळले. ऑक्टोबर २००५ मध्ये लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफीक हरीरी यांच्या हत्येचा डेटलेव्ह मेहलिस यांनी केलेला चौकशी अहवाल संयुक्त राष्ट्रांनी प्रसृत केला, तेव्हा फाइलीत शेवटच्या क्षणी वगळलेली नावे कोणासही वाचता आली, आणि त्यांत सीरियाच्या राष्ट्राध्यक्षांचे बंधू व मेहुणे होते. सत्ताधीशांनी आणि वकिलांनी काय लिहून काय खोडले हे लोकांस कळावे, याविषयी माझे दुमत नाही. माझे म्हणणे एवढेच की आमचा कोषाध्यक्ष हा सत्ताधीश नव्हे. त्याच्याकडे किल्ली आहे ती देणगीपेटीची.

आणि खरे सांगायचे तर आपण ज्या घरात शिरता त्या घराचे दार आमच्याच लोकांनी उघडे टाकलेले असते. वर्डमध्ये ‘ॲक्सेप्ट ऑल चेंजेस’ नावाची एक सोय आहे; ती वापरली की दुरुस्त्या मजकुरात मुरतात, खोडलेले जाते, नवे राहते, आणि शेरेही काढून टाकले की आपणांस त्या कागदापुरती रजा मिळते. मग ती कोणी का वापरत नाही? कारण ती वापरणारा उत्तरदायी ठरतो. चिटणीस म्हणतो, अध्यक्षांची दुरुस्ती मी कोण मान्य करणार. अध्यक्ष म्हणतात, मी सुचवले, आता मंडळाने पाहावे. मंडळ म्हणते, चिटणिसांनी उचित ते करावे. आणि अशा रीतीने मसुदा वर्षानुवर्षे न स्वीकारलेल्या आणि न नाकारलेल्या अशा त्रिशंकू अवस्थेत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. ‘नो मार्कअप’ हा पडदा सर्वांच्या सोयीचा आहे: निर्णय घेतल्याचे दिसते आणि घ्यावा लागत नाही. २०१३ च्या आवृत्तीपासून तर ‘सिंपल मार्कअप’ म्हणून आणखी एक सोज्वळ दृश्य आले, त्यात ओळीच्या कडेला एक तांबडी रेघ तेवढी दिसते आणि मजकूर शुद्धच भासतो. आमच्या कारभाराची प्रकृती ज्याने ओळखली असा तो कारागीर असला पाहिजे.

तेव्हा आपणांस बडतर्फ करावे अशी माझी मागणी नाही. मुद्रितशोधक, अनुवादक, करारनामे तपासणारे वकील यांना आपली नित्य गरज असते, आणि दोन पक्षांनी समोरासमोर बसून कागदावर कलमे घासायची असतील तेव्हा आपल्यासारखा सेवक नाही. विनंती आहे ती नेमणुकीच्या शर्तींविषयी. त्याच वर्डमध्ये ऑप्शन्स, त्यात ट्रस्ट सेंटर, त्यात प्रायव्हसी ऑप्शन्स अशा तीन देवड्या ओलांडून गेल्यावर एक गरीब चौकोन आहे. त्यात खूण केली तर दुरुस्त्या वा शेरे असलेला दस्तऐवज छापताना, जतन करताना किंवा पाठवताना आधी इशारा मिळतो. तो चौकोन कोरा असतो आणि आपला भरलेला असतो. ही उलटापालट दुरुस्त व्हावी, इशारा आपोआप मिळावा, आणि आपण बोलावल्यावर यावे, एवढीच अर्जी आहे. ती आपल्या धन्यांच्या कानी घालण्याइतकी आपली पोहोच असेल तर घालावी. नसेल तर निदान झेरॉक्सच्या दुकानी आलेल्या दुखवट्याच्या ठरावांस वगळावे.

उत्तर सवडीने पाठवावे, मात्र शुद्ध प्रतीत पाठवावे. मायना लिहिताना मला आधी काय म्हटले होते आणि नंतर ते कोणी वगळले, हे न कळवले तरी चालेल. बहुत काय लिहिणे. लोभ असावा, ही विनंती.

आपला,
वाचनालयाचा एक आजीव सभासद

ता. क. आठवे पुस्तक अजून मिळालेले नाही.