अडेलतट्टूची थोरवी

एका अक्षरापायी सगळे काम बंद पाडणाऱ्या संगणकाला लोक मूर्ख म्हणतात. मला हाच मूर्ख पूज्य आहे, आणि त्याची थोरवी मेहकरच्या सोयाबीनवर नीट मोजता येते.

समजा, मेहकर तालुक्यातल्या एखाद्या हमीभाव केंद्रावर पावतीचा प्रोग्राम आहे. त्यात 'माल' हा ऑब्जेक्ट. वजन, भाव, ओलावा हे त्याचे गुणधर्म. सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा 12 टक्के असायची, 2024च्या हंगामात केंद्र सरकारने ती 15 केली. प्रोग्राम लिहिणाऱ्याने एके ठिकाणी 'ओलावा'ऐवजी 'ओलवा' टाइप केले. असा गुणधर्मच नाही. शहाण्या भाषा इथे सांभाळून घेतात. जावास्क्रिप्ट 'अनडिफाइन्ड' देते, पीएचपी 'नल' देते. हे 15पेक्षा जास्त आहे का, असे विचारले की दोघींचे उत्तर 'नाही'. म्हणजे पाणी गळणारे पोतेही पास! 'वजन' चुकले तर पीएचपीचा गुणाकार शून्यावर येतो आणि शेतकऱ्याच्या हाती शून्य रुपयांची सुबक पावती पडते. रांग मात्र झकास सरकत राहते.

मूर्ख पायथॉन तिथेच फतकल मारतो. 'ॲट्रिब्यूटएरर' म्हणतो, नसलेल्या गुणधर्माचे नाव आणि ओळीचा क्रमांक सांगतो. ट्रॅक्टर खोळंबतात, तो शिव्या खातो. पण चूक त्याच घटकेला सापडते, हंगाम संपल्यावर हिशेब जुळवताना नव्हे.

पीएचपी देते त्या 'नल'चीही एक गोष्ट आहे. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1965मध्ये 'नल' संदर्भाला जागा दिली, कारण ते करणे सोपे होते. 2009मध्ये त्यांनीच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटले. पायथॉनचा मूर्खपणा पीएचपीनेही हळूहळू थोडा अंगीकारला. नसलेला गुणधर्म वाचला की आधी नुसती 'नोटीस' यायची, 2020च्या 8.0 आवृत्तीत तिची 'वॉर्निंग' झाली. जाहीर न केलेल्या गुणधर्मात किंमत भरली की तो गुपचूप जन्माला यायचा, 8.2ने तेही नापसंत ठरवले. ही आवृत्ती 8 डिसेंबर 2022ला आली. तीनच दिवसांनी मेहकर तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी खुला झाला. त्या आठवड्यात वेगाचे कौतुक सगळ्यांनी केले. थांबण्याचे राहून गेले, ते मी करतो आहे.

म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरांना विनंती: पीएचपीत ॲटचे चिन्ह लावून वॉर्निंगचे तोंड दाबू नका. गुणधर्म आधी क्लासमध्ये जाहीर करा. ओलावा खरोखरच मोजायचा राहिला असेल, तर तेवढे तपासून पावतीवर 'मोजला नाही' असे छापा आणि पोते बाजूला काढा.