श्री. रा. रा. डब्ल्यू-४ यांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. डब्ल्यू-४ साहेब,
मुक्काम : अमेरिकेतलं प्रत्येक पेरोल ऑफिस

सा. न. वि. वि.

पगारातून किती इन्कम टॅक्स कापायचा हे सांगणाऱ्या एका कागदाला साष्टांग नमस्कार कशाला, असं आमची सोळा वर्षांची कन्या विचारते. सरकारी कागदापुढे आधी वाकायचं आणि मग तो वाचायचा, ही आमच्या मिरजेची रीत. न्यू जर्सीत वाढलेली ही पोर ना वाकली, ना तिने आपल्याला वाचलं. आइस्क्रीमच्या दुकानाच्या मागच्या दाराशी उभं राहून तिने आपल्याला फोनवर भरलं आणि बोटाने सही ठोकली. त्या सहीच्या वर आपण बारीक अक्षरांत बजावता की खोटं लिहाल तर खोट्या शपथेचा गुन्हा लागेल. सहीच्या बोटाला तेव्हा चॉकलेट लागलेलं होतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, दाखव काय भरलंयस ते. आपल्या २०२५ च्या आवृत्तीतल्या तिसऱ्या पायरीत, सतरा वर्षांखालच्या मुलांची संख्या गुणिले २,००० डॉलर, अशा रकान्यात बाईसाहेबांनी १ लिहिला होता. एकूण २,०००.

"हे मूल कुणाचं गं?"

"मीच की. मी सतराच्या खाली आहे ना?"

साहेब, यात तिची चूक काढायला मला जीभ रेटेना. प्रश्न वाचला, खरं उत्तर दिलं. ही पायरी आईबापांसाठी असते, नोकरदाराने आपल्यावर अवलंबून असलेली माणसं तिथे मोजायची असतात, स्वतःला नव्हे, हे जन्मात पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या मुलीला कुणी सांगावं? स्वतःच स्वतःचं मूल होऊन स्वतःच स्वतःला पोसायचं, इतकं आत्मनिर्भर आमच्या घराण्यात याआधी कुणी झालेलं नाही.

दुकानाच्या मॅनेजरबाईंनी मात्र सल्ला दिला होता. "शून्य लिही. जास्त कापतात, पण एप्रिलमध्ये सगळे परत मिळतात." मी आपल्याला वरपासून खालपर्यंत तपासलं. शून्य लिहायला जागाच नाही! जुन्या काळी होती. तेव्हा आपण 'अलाउन्स' मोजायचात. शून्य, एक, दोन असे आकडे टाकले की झालं. त्या मोजणीमागे माणशी मिळणारी सूट असायची, २०१७ साली ती ४,०५० डॉलर होती. त्या वर्षाअखेरीस आलेल्या कायद्याने ती सूटच शून्यावर आणली, म्हणून २०२० साली आपण नवे कपडे शिवलेत आणि स्वतःच्या नावातलाही 'अलाउन्स' गाळलात. पण शून्याचा सल्ला काही मेला नाही. त्याचं नवल मला तरी वाटत नाही. आणे १९५७ साली गेले, माझी आई अजून "सोळा आणे खरं" म्हणते.

दुरुस्तीचा फॉर्म द्यायचा राहिला तो राहिलाच, तोवर दुकानातल्या कुणीतरी तिचा फॉर्म कोराच आहे असं धरून पहिल्या आठवड्याचा पगार काढला. पस्तीस तास, तासाला १५.४९ डॉलर, एकूण ५४२.१५. खात्यात आले चारशे साठच्या आसपास. पोरगी पगाराची चिठ्ठी घेऊन आली. तिचा पहिला प्रश्न, "आई, हा फिका कोण?"

नाव फिका, रंग चांगलाच गडद. सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के, मेडिकेअरचे १.४५, मिळून ४१ डॉलर ४७ सेंट. म्हातारपणाची पुंजी म्हणून सोळाव्या वर्षी कापलेले. त्यात आपला काही हात नाही हे मला ठाऊक आहे. आपल्या अंगावर काहीही लिहिलं तरी फिका जातोच. गंमत अशी की माझ्या स्वतःच्या पहिल्या पगारात तो नव्हता. २००६ साली मी टेक्सासातल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत पुस्तकं लावायचे. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परक्यांना पहिली पाच कॅलेंडर वर्षं फिका माफ असतो. वर भारत आणि अमेरिकेच्या १९८९ सालच्या करारामुळे आम्हा भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शनही मिळायचं, जे इतर देशांच्या पोरांना मिळत नसे. परकी आई सवलतीत आणि इथेच जन्मलेली नागरिक मुलगी कापणीत. तेव्हा आपल्या अंगावर 'एनआरए' अशी तीन अक्षरं लिहायला लावत, म्हणजे नॉन-रेसिडेंट एलियन. माझी समजूत अशी झाली की टेक्सासात नोकरी करायची तर याच तीन अक्षरांच्या बंदूकवाल्यांच्या संघटनेला पाठिंबा द्यावाच लागतो. मी निमूटपणे लिहून दिलं होतं.

तर चिठ्ठी. त्यात फेडरल इन्कम टॅक्सचे २६ डॉलर. हे मात्र आपलं काम, साहेब. आपण दुकानाच्या कॉम्प्युटरला सांगितलंत की ही व्यक्ती एकटी, सिंगल, इतर काही नाही. त्याने ५४२ ला बावन्नने गुणलं. म्हणजे त्याच्या मते ही पोर जानेवारीच्या बर्फातसुद्धा तितकेच तास उभी राहून आइस्क्रीम वाढणार आणि वर्षाला २८,००० कमावणार! त्यातून १५,००० वजा करून उरलेल्यावर कर काढला आणि त्याचे बावन्न तुकडे केले. प्रत्यक्षात ती काम करणार आठ आठवडे. सप्टेंबरात शाळा. वर्षाची कमाई ४,३०० च्या घरात, त्यावर कर शून्य. आईबापांवर अवलंबून असलेल्याला स्टँडर्ड डिडक्शन कमी मिळतं हे खरं, पण ते कमाई अधिक ४५० असं मोजतात, म्हणजे नुसत्या मजुरीवर जगणारी मुलं सुटतात. (आजोबांनी नातीच्या नावे शेअर घेऊन ठेवले असतील तर गोष्ट वेगळी. आमच्या आजोबांनी फक्त पितळी डबे ठेवलेत.)

म्हणजे आठ आठवड्यांत तिचे दोनशे डॉलर आपण बिनव्याजी घेणार, आणि ते परत हवेत तर तिने रिटर्न भरायचं. त्याला मॅनेजरबाई 'बोनस' म्हणतात.

यावर खरा इलाज आपल्याच पोटात होता. चौथ्या पायरीच्या खालच्या रिकाम्या जागेत 'एक्झेम्प्ट' लिहायचं होतं, बस्स. मागच्या वर्षी इन्कम टॅक्सचं देणं नव्हतं आणि यंदाही नसेल, एवढ्या दोनच अटी. नुकत्याच शाळेतून आलेल्या पोरापोरींपैकी किती जणांना त्या लागू होतात! पण २०२५ च्या फॉर्मवर त्या जागेला ना चौकट होती, ना रेघ. लग्नाच्या पंगतीत मीठ वाढतात तेवढीही जागा आपण तिला दिली नाहीत. शिवाय ते पुढच्या १५ फेब्रुवारीपर्यंतच टिकतं, नंतर पुन्हा लिहून द्यायचं.

आपला जन्म युद्धातला, हे मी समजून घेते. १९४३ साली सरकारला पैसा हवा होता आणि लोकांना वर्षाचा कर एकदम भरणं जड जात होतं, म्हणून पगारातूनच कापायचं ठरलं. ती योजना आखणाऱ्यांत अर्थखात्यात काम करणारे तरुण अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन होते. पुढे म्हातारपणी हेच गृहस्थ म्हणत, की हे बंद करता आलं तर बरं होईल. आता काय उपयोग?

पण माझं खरं भांडण आहे ते 'अवलंबित' या शब्दाशी. तो आपल्या घरात नेमका कुठल्या वयापर्यंत चालतो? आपल्या तिसऱ्या पायरीत सतरा पूर्ण झाली की मुलगी २,००० वरून ५०० वर घसरायची. (२०२५ च्या जुलैत कायद्याने २,००० चे २,२०० केले, आपल्या अंगावर त्या वर्षी जुनीच किंमत राहिली.) रिटर्नमध्ये ती एकोणिसाव्यापर्यंत आमची, पूर्णवेळ शिकत असेल तर चोविसाव्यापर्यंत. आमच्या विम्यावर सव्विसापर्यंत. पहिल्या पगाराला आइस्क्रीमच्या दुकानात ती 'एम्प्लॉयी', रात्री दहाला मी आणायला जाते तेव्हा 'डिपेंडंट', कारण गाडीचा परवाना अजून नाही.

माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाने तर यंदा फेब्रुवारीत कहरच केला. गेल्या मेमध्ये बाविसाव्या वर्षी डिग्री, जुलैत नोकरी, आणि फेब्रुवारीत पहिलं रिटर्न, तेही मध्यरात्री फोनवर. 'दुसरं कुणी तुम्हाला अवलंबित दाखवू शकतं का' या चौकटीवर त्याने खूण केली नाही. कशी करील? नोकरी करणारा पुरुष तो. मार्चमध्ये आईबापांनी त्याला आपल्या रिटर्नात घातलं, तर ते ऑनलाइन परत आलं. या नंबरचा माणूस आधीच स्वतःच्या पायावर उभा आहे म्हणे! आता त्याने मेपर्यंतचे पाच महिने कॉलेज केलं होतं, फी आणि भाडं बापाने भरलं होतं, स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च त्याने उचललेला नव्हता. कायद्याने तो त्या वर्षी अवलंबितच होता. कमाई भरपूर असल्याने खूण केली असती तरी त्याचा एक सेंट वाढला नसता. बापाचे ५०० डॉलर मात्र अडकले. सुधारित रिटर्न भरायला बसलेल्या त्या मुलाचा चेहरा मी पाहिला आहे. परीक्षेत नापास होऊनही तो इतका उतरला नव्हता.

आणि आता माझं. मिरजेला माझी आई आहे, पंचाहत्तरीची. तिचं औषधपाणी, कामवालीचा पगार, लाइटबिल, सगळं दर महिन्याला माझ्या खात्यातून जातं. ती माझ्यावर अवलंबून आहे याबद्दल आमच्या गल्लीत दुमत नाही. पण आपल्या दरबारी ती माझी कुणीच नाही, कारण अवलंबित माणूस अमेरिकेचा नागरिक वा रहिवासी हवा, नाहीतर कॅनडा किंवा मेक्सिकोत राहणारा. म्हणजे उद्या आईला मी मिरजेहून उचलून मेक्सिकोतल्या तिहुआनात नेऊन ठेवलं आणि तिथून तिचा खर्च चालवला, तर बाकीच्या अटी पुऱ्या झाल्यावर ती कायद्याने माझी आई ठरेल. मी तिला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "तिथे भाकरीचं पीठ मिळतं का?" मक्याचं मिळतं, म्हटलं. "मग विचार करू."

कळावे. लोभ आहेच, तो कमी करावा, ही विनंती.

आपली,
एका एम्प्लॉयीची आई

ता. क. काल मुलीने नवा फॉर्म दिला. तिसरी पायरी कोरी, खाली 'एक्झेम्प्ट'. पहिला पगार देवापुढे ठेवायची आमच्यात पद्धत आहे, पण तो थेट बँकेत आलेला, तेव्हा तिने बँकेचं अॅप उघडून फोनच देव्हाऱ्यात ठेवला. मी हळदकुंकू लावणार तेवढ्यात स्क्रीनवर मॅनेजरबाईंचा मेसेज उगवला : "तुझा नवा डब्ल्यू-४ मिळाला. शून्य कुठे लिहिलंयस?"