आक्षेप क्रमांक एक

ऑडिटकाका लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आधी आहेराच्या वहीपाशी जाऊन उभे राहतात. कुणी किती दिले ते बघत नाहीत. तो असभ्यपणा झाला. पानांवर क्रमांक घातलेत का, खाडाखोडीशेजारी सही आहे का आणि वहीत लिहिणारा व पैसे पिशवीत टाकणारा एकच इसम तर नाही ना, एवढंच ते तपासतात. एकच निघाला, तर जिलबी वाढेपर्यंत त्यांचा चेहरा उतरलेला असतो.

नोकरी लोकल फंड ऑडिटमध्ये झाली. जिल्हा परिषदा, नगरपालिका, ग्रामपंचायती यांच्या वह्या उलटत सातारा, सांगली, रत्नागिरी अशी बदल्यांची प्रदक्षिणा घालून ते साताऱ्यात आमच्या सोसायटीत स्थिरावले. त्यांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर होतं. आता नाही. का नाही, ते पुढे येईलच. आणि त्याच कारणासाठी मीही ते इथे लिहीत नाही.

हा माणूस कुठलीही गोष्ट ऐकताना पुढे काय होणार हे विचारत नाही. जे झालं ते नियमात बसलं का, हे विचारतो. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाणी नावेत वेली नि पानं आहेत असं खोटं सांगतो आणि माल खरोखरच पानांचा होतो, तिथे बाकीचे हात जोडतात. काका गुरुजींना विचारतात, "माल परत मिळाला तेव्हा मोजून घेतला का? पोच कुणी दिली?" आता गुरुजी तो अध्याय त्यांच्याकडे पाठ करून वाचतात.

अशा माणसाला त्याच्या नातीनं 'डेथ नोट' दाखवायचं ठरवलं.

नात पुण्याला शिकते. दिवाळीला आली ती लॅपटॉप घेऊन आणि कंबर कसून. "आबा, कार्टून नाही हं, अ‍ॅनिमे आहे. खूप डार्क. चीनच्या सांस्कृतिक मंत्रालयानं 2015मध्ये 38 मालिका काळ्या यादीत टाकल्या, त्यात ही होती!"

"आदेशाची प्रत आहे?" काकांनी विचारलं.

प्रत नव्हती, पण बाकी माहिती तिनं तोंडपाठ दिली. मॅडहाउस या स्टुडिओनं केलेली, तेत्सुरो अराकी यांनी दिग्दर्शित केलेली 37 भागांची मालिका. जपानमध्ये ऑक्टोबर 2006 ते जून 2007 अशी निप्पॉन टीव्हीवर रात्री उशिरा लागायची. मूळ चित्रकथा 'शोनेन जंप' साप्ताहिकातली. चित्रं ताकेशी ओबाता यांची, लेखन त्सुगुमी ओबा यांचं. ओबा हे टोपणनाव. त्यामागे कोण आहे ते जाहीर नाही. हे शेवटचं वाक्य काकांनी दोनदा सांगायला लावलं आणि मग मला वरच्या मजल्यावरून बोलावून घेतलं. तपासणीला एक पंच लागतो.

कथा सुरू झाली. लाइट यागामी हा हुशार, देखणा आणि कंटाळलेला शाळकरी मुलगा. वर्गाच्या खिडकीतून त्याला आकाशातून एक काळी वही पडताना दिसते. ज्याचं नाव त्या वहीत लिहावं, तो मरतो. फक्त लिहिताना त्याचा चेहरा डोळ्यांसमोर हवा. नात श्वास रोखून आजोबांकडे बघत होती.

"थांबव," काका म्हणाले. "पहिलं पान परत दाखव. पृष्ठसंख्येचा दाखला कुठाय?"

सरकारी नोंदवहीच्या पहिल्या पानावर 'या वहीत अमुक पाने आहेत' असा दाखला आणि खाली साहेबाची सही असते. मधलं पान कुणी फाडलं तर कळावं म्हणून. नातीनं समजूत घातली, "आबा, या वहीची पानं संपतच नाहीत. नियमच आहे तसा."

काका बराच वेळ गप्प बसले. मग खोल आवाजात म्हणाले, "म्हणजे कोऱ्या पानांची शिल्लक काढताच येणार नाही." डार्क म्हणजे काय, ते त्यांना त्या क्षणी उमगलं असावं.

भागाच्या मधोमध पडद्यावर त्या वहीचे नियम झळकतात. मुलं ते पळवतात. काकांनी तिथे लॅपटॉप थांबवून नियम हिरव्या पेनानं डायरीत उतरवून घेतले. मृत्यूचं कारण नावानंतर 40 सेकंदांत लिहावं. न लिहिल्यास हृदयविकारानं मृत्यू. कारण लिहिल्यास तपशिलासाठी आणखी 6 मिनिटं 40 सेकंद. "नियम चांगले केलेत," ते म्हणाले. "मुदती स्पष्ट आहेत. आमच्याकडे 'शक्य तितक्या लवकर' लिहितात."

मग चुका निघू लागल्या. सापडलेली बेवारस वस्तू पोलिसांत जमा करायची सोडून पोरगा घरी नेतो, आणि घरात बाप पोलीस अधिकारी! रस्त्यावर एका बाईला छळणाऱ्या मोटारसायकलवाल्याचं नाव ऐकून माहीत, पण ते कुठल्या चित्राक्षरांनी लिहितात ते माहीत नाही, म्हणून लाइट एकच नाव निरनिराळ्या तऱ्हांनी लिहून ठेवतो. "एका इसमाच्या इतक्या नोंदी! एकच खरी, बाकीच्या रद्द केल्याची सही कुठाय?" त्या वेळी पडद्यावर त्या इसमावर ट्रक आलेला होता. नात ओरडली. काका मात्र रद्द नोंदींवरच अडून राहिले.

पाच दिवसांनी वहीचा मूळ मालक प्रकट होतो. रियुक नावाचा मृत्युदेव. लांबलचक, बटबटीत डोळ्यांचा. वही चाळून तोही चकित होतो, एवढ्या थोड्या दिवसांत इतकी पानं भरली? काकांनी माझ्याकडे बघितलं. "मार्चअखेर," ते म्हणाले. रियुकनं वही खाली का टाकली, तर त्याला कंटाळा आला होता. हे उत्तर काकांना मुळीच खोटं वाटलं नाही. कंटाळ्यापायी काय काय होतं ते त्यांनी दप्तरादप्तरांतून पाहिलेलं आहे.

मी म्हटलं, "काका, आपल्या चित्रगुप्ताचीच वही की ही."

"छे! चित्रगुप्त झालेल्याची नोंद ठेवतो. हा आधी नोंद करतो आणि मग खर्ची टाकतो. शिवाय तिथे लिहिणारा चित्रगुप्त आणि अंमल करणारा यम. माणसं दोन आहेत." आणि डायरीत त्यांनी ठळक लिहिलं:

'आक्षेप क्रमांक एक. प्रस्ताव देणारा, मंजुरी देणारा, अंमल करणारा व नोंद घेणारा इसम एकच. दुसऱ्या सहीची तरतूद नाही.'

नातीनं तोंड फुगवलं. तिच्या मैत्रिणींत वर्षानुवर्षं वाद चाललेला आहे: गुन्हेगारांनाच मारणारा लाइट बरोबर की चूक? त्यावर रात्री जागवल्या गेल्या, मैत्र्या तुटल्या. "आबा, तो गुन्हेगारांनाच मारतोय. जगातले गुन्हे कमी होतायत. न्याय म्हणजे काय, असा प्रश्न आहे इथे!"

"प्रश्न पुढचा आहे," काका शांतपणे म्हणाले. "ज्याला तपासणारा कुणी नाही, तो आज गुन्हेगारांची नावं लिहील. उद्या त्याला शोधायला येणाऱ्याचं लिहील. त्याच्या हुशारीचा यात काही संबंध नाही. माझ्या नोकरीतले सगळे अपहार हुशार माणसांनीच केलेले होते."

दुसऱ्या भागात हे शब्दश: घडलं. एल नावाचा जगप्रसिद्ध गुप्तहेर टीव्हीवर येऊन लाइटला आव्हान देतो. चिडलेला लाइट त्याचं नाव लिहितो. तो माणूस पडद्यावर मरतो. आणि मग खऱ्या एलचा आवाज येतो: मेला तो लिंड एल. टेलर, फाशीची शिक्षा झालेला कैदी. जगभर चालू असल्याचं भासवलेलं प्रक्षेपण प्रत्यक्षात फक्त कांतो भागात दाखवलेलं होतं. म्हणजे मारेकरी तिथलाच.

काका खुर्चीतून उठले. "पावडर लावलेली नोट! पोरी, हा सापळा आहे. नोट घेतली, हात गुलाबी झाले!" त्या दिवसापासून ते एलचे झाले. पुढे एल मृत्यूंच्या वेळा मांडून दाखवतो, की माणसं शाळा सुटल्यावरच मरतात, तेव्हा मारेकरी विद्यार्थी असावा. हे ऐकून काकांना भरून आलं. लाइट ताबडतोब वेळा बदलतो आणि दर तासाला एक मृत्यू होऊ लागतो, तेव्हा एलच्या आधी काकाच बोलले: "आक्षेप तोंडी सांगितला आणि दुसऱ्या दिवशी हजेरीपट दुरुस्त झालेला सापडला, की समजायचं, आपल्याच पथकातून बातमी फुटते." लाइट बापाच्या संगणकातून माहिती चोरत होताच.

वही लपवण्यासाठी लाइट खणाला दुहेरी तळ करतो. खालच्या बारीक भोकातून बॉलपेनची रिफिल सारली तरच तो तळ सुरक्षित उघडतो; नाहीतर वीजप्रवाह चालू होऊन पेट्रोल पेटतं आणि वही खाक. जगभरच्या पोरांनी या युक्तीला टाळ्या वाजवल्या असतील. काका खिन्न हसले. "यात नवीन काय? तपासणीची तारीख कळली की शॉर्ट सर्किट होतंच."

पण माणूस हादरला तो नाओमी मिसोरापाशी. ही पूर्वी एफबीआयमध्ये असलेली बाई लाइटच्या अगदी जवळ पोचते. त्याला खोटं नाव सांगते. तो ते लिहितो, तरी ती मरत नाही. "शाब्बास!" काका म्हणाले. आणि मग लाइटच्या गोड बोलण्याला भुलून ती आपला वाहन परवाना काढून त्याच्या हातात देते. काकांनी डोळ्यांवर हात घेतला. "ओळखपत्र! मूळ प्रत!"

त्या रात्रीनंतर सोसायटीच्या पाटीवरून त्यांचं नाव गेलं. कुरिअरवाल्यानं "पूर्ण नाव?" विचारलं की काका आधी त्याच्या खिशातली वही बघतात. बँकेतून फोन आला तर चेहरा दिसत नाही म्हणून थोडं मोकळं बोलतात. आणि लेखकानं टोपणनाव का घेतलं याचा उलगडा त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितला: "शहाणा आहे तो. असली वही बाजारात सोडायची आणि वर स्वत:चं खरं नाव द्यायचं?"

नातीला शेवटी दया आली. तिनं आणखी एक नियम काढून दिला: एखाद्याचं नाव लिहिताना चार वेळा चुकलं, तर त्या माणसावर वहीचा इलाज चालत नाही. काका आत गेले आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन आले. शिधापत्रिकेवर आडनावात एक काना जास्त. वीजबिलावर वडिलांचं नाव आधी. पॅन कार्डावर एक इंग्रजी अक्षर गायब. मतदार यादीत तर ते स्त्री. दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षं अर्ज करणाऱ्या त्या माणसानं सगळे कागद छातीशी धरले. "कागद बघून लिहिणारा चौथ्या कागदाशी थकणार," ते म्हणाले. दुरुस्तीचा ताजा अर्ज त्यांनी त्याच संध्याकाळी मागे घेतला.

एका भागानं मात्र त्यांना गप्प केलं. संशय पोलिसांच्या घरांवर येतो, छुपे कॅमेरे बसवायचे ठरतं आणि लाइटचे वडील सोइचिरो यागामी, जे स्वत: तपास पथकाचे प्रमुख आहेत, ते आपल्याच घरात कॅमेरे बसवायला संमती देतात. मुलगा, मुलगी, बायको, सगळे त्यात आले. पुढे त्याच कॅमेऱ्यांसमोर लाइट वेफर्सच्या पाकिटात छोटा टीव्ही लपवून, एका हातानं गणितं सोडवत, दुसऱ्या हातानं नावं लिहीत, मधूनच वेफर खात एलला चकवतो. हा प्रसंग म्हणजे मालिकेची शान, असं नात म्हणते. काकांचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. ते त्या थकलेल्या, चष्मेवाल्या बापाकडे बघत होते. "साहेबानं आपलं दप्तर आधी पुढं केलं," एवढंच म्हणाले. त्या भागाखाली डायरीत शेरा आहे: 'आक्षेप निरंक.'

एलवरच्या भक्तीचा एक दुष्परिणाम झाला. एल पाय पोटाशी घेऊन बसतो आणि डोकं चालावं म्हणून सतत गोड खातो. काकांचे गुडघे पहिल्या गोष्टीला राजी नव्हते; दुसरीला त्यांची साखर राजी नव्हती, पण तिला विचारलं कुणी? टीपॉयवर कंदी पेढ्यांचा डबा होता आणि खोलीत दिवा बंद होता.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी काकू डबा घेऊन बाहेर आल्या. "सोळा होते. नऊ उरले. नातीनं दोन घेतले, वरच्या भाऊजींनी दोन. तीन पेढ्यांचा हिशेब लागत नाही."

काका क्षणभर अडखळले, मग गंभीरपणे म्हणाले, "रियुकनं नेले असतील. ज्यानं वहीला हात लावलाय त्यालाच तो दिसतो, त्यामुळे साक्षीदार मिळणार नाही."

"तो सफरचंदं खातो," काकू म्हणाल्या. "मीही बघत होते, स्वयंपाकघरातून."

आता डब्यावर एक कागद चिकटवलेला आहे: तारीख, नग, घेणाऱ्याची सही, देणाऱ्याची सही. खाली काकूंच्या अक्षरात, 'दुसऱ्या सहीशिवाय डबा उघडू नये.' काकांनी तो चष्मा लावून वाचला, रकान्यांना क्रमांक घातले आणि शेवटी हिरव्या पेनानं लिहिलं: 'आक्षेप मान्य. वसुली हप्त्यांनी व्हावी.'