देवगिरी जिंकणाऱ्या सहल-संयोजकांस

'एका दिवसात चार स्थळे' सहलीचे संयोजक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पराक्रमाची इतिहासाने घ्यावी तशी दखल घेतलेली नाही, म्हणून हे पत्र. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, तर त्यालासुद्धा वेढा घालून बसावे लागले. गडावरच्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले म्हणे, तेव्हा कुठे रामदेवराव नमले. आपण तोच किल्ला पाऊण तासात घेतलात. तोही सकाळचे वेरूळ आणि दुपारचा बिबी का मकबरा यांच्या मधल्या फटीत!

गड रचणाऱ्यांनी आपली सारी अक्कल येणाऱ्याला उशीर व्हावा यासाठीच खर्ची घातली. डोंगराच्या कडा उभ्या तासल्या, भोवती कातळात खंदक खोदला, वर जायची वाट अंधारीतून फिरवली. त्या भुयारात गाईडसाहेबांनी सगळ्यांना मोबाईलचे दिवे बंद करायला लावले. शत्रू इथे आपसातच कापला जायचा, हे ते आवाज घुमवून सांगत होते. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली वेड्यावाकड्या पायऱ्या आणि भिंत चाचपत एक आजी म्हणताहेत, "अहो, कुणीतरी हात धरा हो!" खिलजीच्या फौजेचे काय झाले असते, ते तेव्हा कळू लागले होते. बाहेर येतो तोच साहेबांचा फोन वाजला. ढाब्यावर पाने वाढून तयार होती. फौज माघारी फिरली.

जेवणाला सव्वा तास होता, हे मात्र नमूद केले पाहिजे. शेवभाजी उत्तम.

गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह 1687 मध्ये राज्य गेल्यावर इथल्या चिनी महालात कैदेत पडला आणि कैदेतच वारला. महालाच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरश्यांचे तुकडे अजून तग धरून आहेत. ते निरखायला त्याला वर्षानुवर्षे मिळाली. आम्हाला मिळाला तो साहेबांचे बोट उचलून खाली येईपर्यंतचा वेळ. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दिल्लीहून इथे आणली आणि पुढे परतही नेली, म्हणून जग त्याला लहरी म्हणते. पण त्यानेही माणसांना इथे जरा टेकू दिले होते.

कळावे, लोभ असावा.
आपला,
खिडकीजवळचा एक प्रवासी

ता. क. : पत्रकात 'बारादरी दर्शन' छापले होते. ती खालूनही दिसते, असे साहेब म्हणाले. दिसते खरी.