आभार मानायचे राहिलेच

कॉलेजच्या रोटरॅक्ट क्लबचा उपाध्यक्ष झाल्याझाल्या मी पहिलं समाजकार्य केलं ते व्हिजिटिंग कार्डं छापून घेण्याचं. क्लबच्या पैशांनी नव्हे, स्वतःच्या. नावापेक्षा हुद्दा जरा मोठ्या टायपात. प्रेसवाल्याने विचारलं, "कंपनी कसली?" मी म्हटलं, "सेवा." त्याने ताबडतोब ॲडव्हान्स मागितला. रोटरीचं ब्रीद 'स्वतःपेक्षा सेवा श्रेष्ठ' असं आहे. कार्डावर दोन्ही मावेनात, तेव्हा मी सेवा गाळली.

आजीने कार्ड चष्म्याजवळ धरून विचारलं, "म्हणजे अध्यक्ष आजारी पडला की तू का रे?" तिला राजकारण चटकन कळायचं. पण आमचा अध्यक्ष एनसीसीतला. त्याला अख्ख्या वर्षात साधी शिंक आली नाही. 1 जुलैपासून आमचं वर्ष सुरू होई. पदग्रहणाला त्याच्या गळ्यात कॉलर, हाताशी घंटा आणि हातोडा. सेक्रेटरीकडे मिनिट्सची वही, खजिनदाराकडे पावतीपुस्तक. मला पिन मिळाली, पण ती तर सगळ्याच सभासदांना मिळते. देशाच्या उपराष्ट्रपतींनाही त्या पदाचा वेगळा पगार नसतो, त्यांना तो राज्यसभेचे सभापती म्हणून मिळतो, हे नागरिकशास्त्राच्या तासाला कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. फक्त आमच्या क्लबला राज्यसभा नव्हती.

होतं ते आभारप्रदर्शन. हे काम उपाध्यक्षाकडे कसं येतं हे कुठल्याही घटनेत लिहिलेलं नाही, पण येतं. प्रास्ताविकवाल्याला ताजे श्रोते मिळतात, आभारवाला उभा राहतो तेव्हा वड्यांचा वास हॉलच्या दारापर्यंत आलेला असतो. तरी मी या विषयाचा कसून अभ्यास केला. प्रमुख पाहुण्यांचे आभार नेहमी 'व्यग्र कार्यक्रमातून वेळात वेळ काढल्या'बद्दल मानायचे, मग ते निवृत्त होऊन सकाळ-संध्याकाळ बागेत बसत असले तरी. प्राचार्यांचे 'अमूल्य मार्गदर्शना'बद्दल. ते 'जाताना पंखे बंद करा' एवढंच असलं तरी. माईकवाल्याचं नाव घेतलं की माईकने कुंईं करायचं, ही त्याची पोचपावती. 'औपचारिक आभार न मानता मी आपल्या ऋणात राहणं पसंत करीन' हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारलं, त्याने मंडपवाल्याचं बिलही असंच ऋणात ठेवलं असणार. आणि शेवटी 'अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व' हा विमा. तो उतरवूनही एकदा माजी अध्यक्ष रुसले, कारण त्यांचं नाव खुर्चीवाल्याच्या नंतर आलं. खुर्च्यांशिवाय ते बसले कुठे असते, हे मी त्यांना विचारलं नाही. उपाध्यक्षाला पोच असावी लागते.

रक्तदान शिबिराच्या दिवशी माझ्याकडे 'मान्यवरांची व्यवस्था' होती. मान्यवर उशिरा येतात, म्हणून मी दाराजवळच्या टेबलाशी रेंगाळलो. रक्तपेढीच्या ताई बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडत होत्या. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या पुढे, रक्त द्यायला चालेल. तरंगला तर, "पुढच्या वेळी या हं." बुडणारे पास आणि तरंगणारे नापास, या उफराट्या परीक्षेची मला आधी गंमत वाटली. मग लक्षात आलं की तरंगणारे थेंब बहुतेक मुलींचेच आहेत. 45 किलो भरल्या नाहीत म्हणून काही जणी वजनकाट्यावरूनच परतल्या होत्या. होस्टेलची एक मुलगी ताईंना म्हणत होती, "घ्या ना हो, मला काही होत नाही. नुसती दुपारी जराशी चक्कर येते." प्रमाणपत्र, बिस्किटं आणि कॉफी फक्त रक्तदात्यांसाठी होती. म्हणजे ज्यांना खायची खरी गरज, त्यांना आम्ही उपाशी परत पाठवत होतो, तेही रांगेत शिस्तीने.

पुढे 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं वाचलं. पण तेव्हा आकडे लागत नव्हते, टेबलाशी उभं राहिलं की पुरे होतं. मी अध्यक्षाला म्हटलं, परत गेलेल्यांची नावं लिहून घेऊ, एखादी डॉक्टर बोलावू, लोहाच्या गोळ्यांचं बघू. तो वाईट मुलगा नव्हता. त्याने रिपोर्टाचा फॉर्म काढून दाखवला. 'जमा बाटल्या' असा रकाना होता, न जमलेल्यांना रकाना नव्हता. "आपल्या प्रोजेक्टात बसत नाही रे," तो म्हणाला, आणि बाटल्यांसोबत फोटो काढायला गेला. मला त्या फॉर्मचा आजही राग येतो. मी पुष्कळ फॉर्म पाहिले, सगळ्यांत हाच रकाना गाळलेला असतो.

मग माझ्या हातात उरला तो माईक. संध्याकाळी पाहुणे, प्राचार्य, मंडप, माईक (कुंईं) असे रीतसर आभार मानून झाल्यावर मी म्हटलं, "ज्या मुलींनी रक्त द्यायला बोट पुढे केलं आणि ज्यांना आपण परत पाठवलं, त्यांचेही आभार. त्यांनी उद्या माझ्याकडे नावं द्यावीत, डॉक्टर मी शोधतो." पहिल्या रांगेतून माजी अध्यक्ष म्हणाले, "आवर, चहा गार होतोय."

दुसऱ्या दिवशी नावं आली, डॉक्टरही मिळाल्या. त्या मुलींचं रिपोर्टात काय करायचं, असं सेक्रेटरीने विचारलं आणि खूप विचार करून त्यांना 'उपस्थित प्रेक्षक' या रकान्यात घातलं. वर्षअखेरीस वरून 'उत्तम उपस्थिती'चं प्रशस्तिपत्र आलं. ते स्वीकारलं अध्यक्षाने. आभार मी मानले.