एक जूनवाल्यांतर्फे वकीलसाहेबांस

माननीय वकीलसाहेब,



पत्र शिरवळहून लिहितोय. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की नीरा नदीचा पूल ओलांडल्यावर लागतं ते गाव. तुम्ही व्हिसाच्या अर्जात त्याला ‘पुण्याजवळ’ असं लिहून मोकळे झालात. पुलावर जिल्हा बदलतो, पण ते सोडून देतो. तक्रार मोठी आहे, तिला जागा लागेल.

तक्रार तुमच्या त्या मेलबद्दल. आमच्या हलगीच्या ताफ्यात माणसं चौदा आणि त्यांतल्या अकरा जणांची जन्मतारीख १ जून, हे कसं, असं तुम्ही विचारलंत. विचारलंत तेही ठीक. पण खाली आणखी एक ओळ जोडलीत: हे पासपोर्ट एकाच ठिकाणाहून ‘तयार करून’ घेतले असतील तर आत्ताच सांगा, म्हणजे मला या कामातून वेळेवर बाजूला होता येईल. माझं इथे ई-सेवा केंद्र आहे. ताफ्याचे कागद मीच करतो, त्यामुळे मेल मीच वाचला आणि ताफ्याला मराठीत मीच सांगितला. हलगीवाल्या अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे आमी खोटं जलमलोय व्हय?”

तुमची नजर बारीक आहे, वाद नाही. फक्त टोळी फार लहान पकडलीत. या टोळीत सातारा-सांगलीकडचे पन्नाशीपलीकडचे किती लोक आहेत याची तुम्हाला कल्पना नाही. प्राथमिक शिक्षक आहेत, सोसायटीचे चेअरमन आहेत, एसटीचे कंडक्टर आहेत, फौजदारसुद्धा आहेत. दर वर्षी ३१ मेला महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत शाल-श्रीफळांचा ढीग पडतो, कारण १ जूनला जन्मलेला कर्मचारी आदल्या दिवशी निवृत्त होतो. एवढी मोठी टोळी राज्य चालवत होती, आणि ती उघडकीला आणायला कला आणि करमणूक क्षेत्रातले व्हिसा करणारा अमेरिकेतला वकील यावा लागला.

आता या गुन्ह्याची पद्धत सांगतो, म्हणजे तुमच्या फायलीला लावता येईल. पोर शाळेत आणलं की हेडमास्तर त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. शाळा जूनमध्ये सुरू होणार, म्हणून तारीख १ जून. साल अंदाजाने. आईला विचारलं तर ती सांगे, “भात्तरच्या दुष्काळात, खडी फोडाय जात हुतो तवा.” अण्णांच्या आईने हेच सांगितलं होतं. इतकं नेमकं उत्तर तुमच्या कुठल्या दाखल्यात मिळेल? पण शाळेच्या रजिस्टरात खडीसाठी रकाना नव्हता.

आणि साहेब, हे तुम्हाला नवं असायला नको होतं. तुमच्याच देशात १ जानेवारीला जन्मलेले हजारो सोमाली आणि अफगाण निर्वासित आहेत. त्यांची तारीख तुमच्याच कारकुनांनी लिहिली. तुमचा कारकून लिहितो तेव्हा ती नोंद, आणि आमचा हेडमास्तर लिहितो तेव्हा टोळी.

जन्म नोंदवायचा कायदा १९६९ चा आहे. अण्णा त्यानंतरचे. कायदा होता, पण तो मातंग वस्तीपर्यंत चालत आला नाही. गावाला त्या वस्तीची आठवण व्हायची ती कुस्त्यांचं मैदान भरलं की, देवाची पालखी निघाली की, मयत उठलं की. हलगी हवी असायची. हलगीला कातडं लागतं, म्हणून ती कुणाच्या गळ्यात अडकवली गेली हे इथे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ज्याच्या वाजवण्यावर पैलवानांच्या अंगात बळ यायचं, त्याचं पान जेवणाच्या पंगतीत शेवटी मांडलं जायचं, तेही बाजूला. अण्णांची जन्मतारीख कुणी बनवलेली नाही. ती लिहून ठेवावी एवढी त्या जन्माची किंमत कुणाला वाटली नाही. आणि पन्नास वर्षांनी त्याचा जाब तुम्ही अण्णांनाच विचारता. मला मेलला विनोदी उत्तर द्यायचं होतं, पण हात थरथरत होते.

या रागातला मोठा वाटा इथल्याच लोकांचा आहे, हे मला कळतं. पण त्यांना रोज तोंड दाखवायचं असतं. तुम्ही लांब आहात, शिवाय तुमचा पत्ता माझ्याकडे आहे.

पुढची मागणी वर्तमानपत्रातल्या कात्रणांची. पी-३ म्हणजे ‘सांस्कृतिकदृष्ट्या एकमेवाद्वितीय’ कलावंतांचा व्हिसा, त्यामुळे यांच्या कलेबद्दल छापून आलेलं पाठवा, असं तुम्ही लिहिलंत. शोधलं. मैदानाचे फोटो पुष्कळ निघाले. मधोमध खांद्यावर घेतलेला पैलवान, शेजारी आमदार, आमदारांशेजारी आमदार व्हायचे राहिलेले, आणि कडेला कापला गेलेला एक हात, त्यात काठी. तो हात अण्णांचा आहे हे मी शपथेवर सांगतो. फोटोखालच्या ओळीत नाव नाही म्हणून तुम्ही तो पुरावा बाजूला ठेवलात. जत्रेच्या पत्रिका पाठवल्या. त्यांत वर्गणी देणाऱ्यांची नावं रकमेसकट आहेत आणि खाली एका शब्दात ‘वाजंत्री’. खरं सांगायचं तर वर्तमानपत्राचा या ताफ्याला एकच उपयोग झालेला आहे: मैदानाच्या कोपऱ्यात ते पेटवून हलगी शेकायची.

तुम्हाला कागद किती उशिरा येतो याचा दाखला हवा असेल तर आमच्या शेजारच्या वाईला जा. यमुनाबाई वाईकरांनी उभी हयात लावणी गायली, आणि पद्मश्री २०१२ साली आली, नव्वदी उलटल्यावर. त्याआधी जर कुणी त्यांना तुमच्याकडे पाठवलं असतं, तर तुम्ही त्यांच्याकडून काय मागितलं असतं हे मी रात्री पडल्या पडल्या कल्पनेने बघतो.

मग तज्ज्ञाचं पत्र. नियमाप्रमाणे तज्ज्ञाने आपली पात्रता सांगायची आणि या कलावंतांचं कसब आपल्याला कशावरून ठाऊक आहे तेही सांगायचं. म्हटलं, अण्णांचे गुरूच लिहून देतील, ते अजून आहेत. तुम्ही म्हणालात, त्यांची पात्रता काय? म्हटलं, अण्णांना त्यांनी शिकवलं. तुम्ही म्हणालात, लेटरहेड आहे का? शेवटी शहरातल्या एका प्राध्यापकांनी पत्र दिलं. लेटरहेड सुंदर होतं. त्यांनी अण्णांची हलगी मोबाइलवर ऐकली, तीही मीच पाठवलेली, आणि अण्णांची कला अस्सल असल्याचं प्रमाणित केलं. अण्णांनी त्या पत्राला नमस्कार केला, मी केला नाही.

बाकीच्या गोष्टी एकेका वाक्यात उरकतो. तुमच्याकडच्या वादकांच्या युनियनचं, म्हणजे अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सचं, ‘हरकत नाही’ असं पत्र लागतं. हलगीच्या जोडीला वाजणारी घुमकं आणि कैताळ म्हणजे काय हे कळायच्या आत ते त्यांनी दिलं, याबद्दल आभारच. कार्यक्रमातून ‘झिंगाट’ काढा, नाहीतर तो पारंपरिक ठरणार नाही, असा तुमचा आग्रह होता. पण अर्जेंटिनाच्या एका बँडच्या अर्जावर, स्कर्बॉल कल्चरल सेंटरच्या प्रकरणात, २०१२ साली तुमच्याच सरकारने मान्य केलंय की दोन परंपरांची सरमिसळसुद्धा सांस्कृतिकदृष्ट्या एकमेवाद्वितीय असू शकते, आणि हे शिरवळच्या ई-सेवा केंद्राने तुम्हाला सांगावं? फीबद्दल बोलत नाही, ती गणपतीत वाजवायला बोलावणाऱ्या तिकडच्या मंडळाने भरली.

पण तात्यांबद्दल बोलणार आहे.

तात्या हलगी शेकतात. कातडं दमट हवेत ढिलं पडतं, आवाज बसतो. जाळावर किती धरायची, कुठल्या बाजूने, कधी काढायची, हे तात्यांना कळतं. मैदान रंगतं की पडतं ते त्यांच्या हातावर असतं. तुम्ही लिहिलंत की हे वादक नव्हेत, साहाय्यक आहेत, त्यांच्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागेल, त्याला वेगळी फी, वेगळं युनियनचं पत्र. आणि त्यात सिद्ध करावं लागेल की हे काम अमेरिकेतला कामगार सहजासहजी करू शकत नाही.

हे वाचून ताफा खूप वेळ हसला. मग एकाने गंभीरपणे विचारलं की अमेरिकेत हलगी शेकणाऱ्यांची बेकारी आहे का, म्हणजे आपण उगीच कुणाच्या पोटावर पाय नको द्यायला. मी तुम्हाला सुचवलं की फायबरच्या पानाची हलगी घेऊ, ती शेकावी लागत नाही, तात्या राहतील घरी. तुम्ही म्हणालात, तसं केलं तर वाद्य अस्सल आहे का असा प्रश्न निघेल. कातड्याची घेतली तर तात्यांना नेता येत नाही आणि फायबरची घेतली तर हलगीला नेता येत नाही. हा कायदा तुम्ही केलेला नाही, १९९० साली तुमच्या संसदेने केलाय, मान्य. पण तो सांगताना तुमच्या आवाजात जरासुद्धा संकोच नव्हता.

आता दुसरी बाजू. लिहायची इच्छा नाही, पण तात्या म्हणाले लिही.

तुमचा संशय आभाळातून पडलेला नाही. गायक दलेर मेहंदींच्या प्रकरणात १९९८-९९ मधल्या दौऱ्यांत वादक-नर्तक म्हणून नेलेली माणसं अमेरिकेतच सोडून आल्याचा आरोप होता आणि २०१८ साली पतियाळाच्या कोर्टाने शिक्षाही सुनावली. पंजाबात या धंद्याला कबूतरबाजी म्हणतात. कुणाच्या तरी ताफ्यात न वाजवणारी माणसं होती, म्हणून आमच्या वाजवणाऱ्यांवर संशय येतो. आणि व्हिसाचा जाच एकट्या आमच्याच वाट्याला नाही. हॅले ऑर्केस्ट्रा तर मँचेस्टरचा, दीडशेहून अधिक वर्षं जुना. व्हिसासाठी सगळ्या वादकांना लंडनला न्यायचा खर्च पेलेना म्हणून त्यांनीही २००६ साली अमेरिकेचा दौरा रद्द केला. गोऱ्यांचीही सुटका नाही म्हटल्यावर ताफ्याला जरा बरं वाटलं.

आणि १ जूनचं उत्तर शेवटी तुम्हीच लिहिलंत. मी पाठवलेली माहिती घेऊन, डोक्यावरून कान धरायचा प्रकारही न वगळता, चार पानी टिपण. त्याचे पैसे लावले नाहीत. व्हिडिओ कॉलवर तुमच्याकडे मध्यरात्र उलटली होती, तरी तुम्ही हलगी ऐकायची म्हणालात. तात्यांनी माझ्या दुकानामागे जाळ केला, अण्णांनी वाजवलं. थांबल्यावर तुम्ही काही वेळ बोललाच नाहीत. मला वाटलं रेंज गेली. मग तुम्ही म्हणालात, हे मला अर्जात लिहिता येत नाही. तेव्हा पहिल्यांदा तुमची कीव आली. तुमचे कान खरे होते आणि त्यांना साक्षीला उभं करायची सोय तुमच्या कायद्यात नव्हती.

अण्णांच्या जन्माच्याच साली, १९७२ मध्ये, तुमच्या धंद्यातल्या लिऑन वाइल्ड्स यांच्याकडे गायक जॉन लेननच्या हद्दपारीचं प्रकरण आलं. लेनन कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं ते स्वतःच सांगत. तरी ते लढले आणि १९७६ साली त्याला ग्रीन कार्ड मिळवून दिलं. म्हणजे ओळख नसली तरी चालतं. पक्षकाराला चोर समजायचं की नाही, एवढंच आधी ठरवावं लागतं.

मंडळाच्या खजिनदारांना २,८०५ डॉलरची घाईची फी परवडली नाही, आणि त्यांचंही बरोबर होतं. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला गणपती बसले. मंजुरीचा कागद आला तेव्हा इथे पितृपक्ष लागला होता. मुंबईतल्या व्हिसाच्या मुलाखतीची वेळच आली नाही. मंडळाने गणपतीत डीजे लावला, असं ऐकतो. डीजेला तज्ज्ञाचं पत्र लागत नाही.

मंडळ यंदा पुन्हा बोलावतंय आणि अर्ज पुन्हा तुमच्याकडेच येणार आहे. दुसरा वकील शोधला तर १ जूनपासून सुरुवात करावी लागेल. आमची मागणी एकच. तात्यांचं नाव वादकांच्या यादीत घाला. ते कैताळ वाजवतात, गेली कित्येक वर्षं वाजवतात. तुम्ही फक्त शेकण्याबद्दल विचारलंत म्हणून आम्ही शेकण्याबद्दल सांगितलं. स्वतंत्र अर्ज आम्ही करणार नाही. जन्मतारीख त्यांचीही १ जूनच आहे.

आपला,
ताफ्याचे कागद करणारा
शिरवळ, ता. खंडाळा, जि. सातारा