साडूभाऊ आत्मा विकतात

आमच्या साडूभाऊंनी मागच्या दिवाळीत आत्मा विकला. “केवढ्याला?” असं मी विचारलं, कारण ते बँकेच्या कर्ज खात्यात आहेत आणि व्यवहारात त्यांना कुणी सहसा गंडवत नाही. ते म्हणाले, “भावाचा प्रश्न नाही हो. मला विकायचाच नव्हता. त्यांनी पर्याय दिला.”

हा सौदा ‘फॉलन लंडन’ नावाच्या खेळात झाला. २००९ पासून ब्राउझरमध्ये चालणारा हा खेळ म्हणजे चित्रं थोडी आणि मजकूर रग्गड. १८६२ साली वटवाघळांनी अख्खं लंडन उचलून जमिनीखाली नेलं, तिथून गोष्ट सुरू होते. तिथे सैतान राजरोस वकिलात थाटून बसलेत आणि रस्त्यानं रबरी माणसं हिंडतात. प्रत्येक प्रसंगाखाली दोन-चार पर्याय येतात. त्यातला एक दाबायचा, पुढचा परिच्छेद वाचायचा आणि जे होईल ते निमूट सोसायचं. यातला फक्त शेवटचा भाग साडूभाऊंना मान्य नाही.

एरवी हा गृहस्थ कसलाच निर्णय घेत नाही. हॉटेलात मेनूकार्ड आलं की “तुम्ही सांगा” म्हणून ते माझ्याकडे सरकवतात. हॉलला ऑफव्हाइट लावायचा की क्रीम, यावर भिंतीचे पोपडे निघाले तरी एकमत झालेलं नाही. म्हणजे त्यांचं स्वतःशीच. पण रात्री लॅपटॉप उघडला की हाच माणूस खून, चोरी, फितुरी यांतून पटापट निवड करतो. फितुरी करताना मात्र स्क्रीनकडे बघून “माफ कर रे बाबा” असं पुटपुटतो. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. मेहुणी आमटी वाढत होती, तिला वाटलं मीठ कमी पडलं म्हणून कुणी तिच्याशी बोलतंय.

त्यातून या खेळात चालींचं रेशन असतं. दर दहा मिनिटांनी एक चाल मिळते आणि वीस जमल्या की पुढची जमा होणं थांबतं. साडूभाऊंनी लगेच हिशेब केला : दोनशे मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. त्यापुढे झोपलं की चाली फुकट गेल्या. ज्या माणसानं बुफेत शेवटचा गुलाबजाम कधी सोडला नाही, त्याला हे कसं सोसावं? पहाटे अडीचला घरात गजर होतो. शेजाऱ्यांना वाटतं, कुणाला तरी गाडी पकडायचीय.

जोखमीच्या पर्यायापाशी यश मिळण्याची शक्यता टक्केवारीत दिलेली असते. नव्वद टक्क्यांवर एकदा आपटल्यापासून तो त्यांच्या आयुष्यातला मोठा अन्याय आहे. “नव्वद टक्के म्हणजे झालंच की हो! नाहीतर टक्के लिहायचे कशाला?” उरलेले दहा टक्के आपल्यालाही लागू असतात, हे बँकेत पंचवीस वर्षं थकबाकी बघून त्यांना ठाऊक नसेल? असेल. पण ती थकबाकी दुसऱ्याची होती.

मला वाटतं, यात आपल्या शाळांचाही दोष आहे. ‘योग्य पर्याय निवडा’ या प्रश्नावर आपली पिढी पोसली. चारांपैकी एक बरोबर असणार आणि तो पाठीमागे उत्तरसूचीत छापलेला असणार, ही श्रद्धा हाडात मुरलीय. चारही पर्याय आपापल्या परीनं महागात पडणारे असू शकतात, असं कुठल्या गुरुजींनी सांगितलं होतं?

पण साडूभाऊंची खरी उंची दिसली ती ‘सीकिंग मिस्टर ईटन्स नेम’ या कथानकात. जमिनीखालच्या बाजारावर ज्या मालकांची सत्ता चालते, त्यांच्यातल्याच एकाला दगा देऊन विहिरीत टाकलेलं असतं. त्याचं हरवलेलं नाव शोधत जायचं. सातचा आकडा सगळीकडे पाठलाग करतो, मेणबत्त्यासुद्धा सात. आणि या कथानकाची ख्याती अशी की तेच तुम्हाला पावलोपावली हात जोडून विनवतं : नका येऊ, फायदा काही नाही, असेल नसेल ते जाईल. जातंही तसंच. कमावलेली चीजवस्तू जाते, गुण घसरतात, माणसं दुरावतात आणि पार शेवटाला पोचलात तर ते पात्र कायमचं बाद.

कर्जाच्या अर्जावर एक सही राहिली तरी फाईल परत पाठवणाऱ्या आमच्या साडूभाऊंनी प्रत्येक इशारा शब्दन्‌शब्द वाचला आणि प्रत्येक वेळी ‘पुढे’ दाबलं. तर्क असा : “एवढं नको-नको म्हणतात, म्हणजे आत नक्की काहीतरी घबाड असणार.”

घबाड नव्हतं. ज्या रात्री पात्र गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही. मेहुणी मला फोनवर म्हणाली, “भावजी, एफडी मोडली तेव्हासुद्धा हे असे बसले नव्हते.” मी समाचाराला गेलो.

“लेखकांनी आधी सांगायला हवं होतं,” साडूभाऊ म्हणाले.

“सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं. पण मनापासून नाही.”

आता दुःख ओसरलंय आणि त्याच्या जागी एक बारीकसा तोरा आलाय. परवा एका मुंजीत ते नवरदेवाच्या थाटात, चार जणांच्या मधोमध उभे राहून आपण काय काय गमावलं ते सांगत होते. ऐकणाऱ्यांतल्या एकाचा फ्लॅट बिल्डरकडे अडकलाय. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. साडूभाऊंनी नवं खातंही उघडलंय. या खेपेला सज्जनपणे खेळणार, आत्मा बित्मा काही विकणार नाही, असं मेहुणीला वचन दिलंय. अडीचचा गजर तेवढा कायम आहे.

मला मात्र त्यांनी निक्षून बजावलं, “साडूभाऊ, एक वेळ बाकीचं खेळा, पण त्या नावाच्या भानगडीत पडू नका. माझी शपथ आहे.”

“मग लिंक कशाला पाठवलीत?”

“मिळाली ना? काल गेली नव्हती, म्हणून सकाळी पुन्हा टाकली.”